डॉक्टरांनी त्याला काम विचारलं का?

डॉक्टर,
माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. सहा वर्षं तो ओट्यांचे दगड कापायच्या आणि घासायच्या कारखान्यात कामाला आहे. आधी ग्रॅनाइट असायचं, गेली चार वर्षं जास्त करून तो नवा कृत्रिम दगड, क्वार्ट्झ म्हणतात तो. वर्षभर त्याला कोरडी ढास लागते आहे. आता दोन जिने चढला की कठडा धरून उभा राहतो. सात किलो वजन उतरलं. पहिल्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हणून पंप दिला. दुसऱ्यांनी एक्स-रे बघून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, थुंकी तपासली नाही. तीन महिने झाले, फरक नाही. कारखाना माझ्या चुलत दिरांचा आहे. माणूस वाईट नाही. मास्क आणून ठेवलेत. पण ते म्हणतात, "हा सिगारेट ओढतो त्याचं फळ आहे हे. बाकीचे नाहीत का काम करत?" बाकीच्यांपैकी दोघं गेल्या वर्षभरात सोडून गेले, का ते कळलं नाही. भाऊ मला म्हणतो, गप्प बस, नोकरी जाईल आणि तुझ्या घरात भांडण होईल ते वेगळंच. त्याची मुलगी चार वर्षांची आहे. त्याला तिथं लावलं मीच. त्याला न सांगता दिरांशी बोलू का? की त्यानं सरळ राजीनामा द्यावा?
एक बहीण

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मी त्यात एकच गोष्ट शोधत होते. या दोन डॉक्टरांपैकी कुणी तुमच्या भावाला "तू काम काय करतोस?" असं विचारलं का? पंप आहे, एक्स-रे आहे, गोळ्या आहेत. तो प्रश्न मात्र सापडला नाही.

डॉक्टरांना नावं ठेवायला हे लिहीत नाही. माझ्या हातून हेच झालंय. छातीच्या विभागात नवी होते तेव्हा एका तरुणाला मी आठ महिने दम्याची औषधं दिली. औषध वाढवायचं, थोडं बरं वाटायचं, पुन्हा येरे माझ्या मागल्या. एकदा त्याची बायको सोबत आली आणि सहज बोलून गेली, "सुट्टीच्या दिवशी कसा छान असतो हा!" तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तो गाड्यांना स्प्रेनं रंग मारायचा. त्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात आणि त्यांनी दमा होतो, हे मी परीक्षेत लिहून आले होते. समोर बसलेल्या माणसाला विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

प्रश्न काही नवा नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७०० साली कामगारांच्या रोगांवर अख्खा ग्रंथ लिहिला. मोदेनामध्ये त्याच्या घरचा मैलाखड्डा उपसायला आलेला माणूस जिवाच्या आकांतानं घाई करत होता. एवढी घाई कशाला, असं यानं विचारलं, तर तो म्हणाला की इथं जास्त वेळ काढला की डोळे जातात. पुढे रामाझ्झिनी कुंभारांच्या, छापखानेवाल्यांच्या, पाथरवटांच्या कामाच्या जागी जाऊन बघायला लागला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यानं स्वतःचा एक घातला: धंदा काय करतोस? पाथरवटांबद्दल लिहिताना त्यानं युट्रेख्टच्या डीमरब्रुक या वैद्याचा दाखला दिलाय. दम्यानं मेलेल्या दगडकाम्यांची फुफ्फुसं चिरताना डीमरब्रुकला आपली सुरी वाळूतून फिरतेय असं वाटलं होतं. ही तीनशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे, आणि तुमच्या भावाच्या केसपेपरवर अजून 'दगडकाम' हा शब्द नाही.

पत्र वाचून निदान करता येत नाही, करूही नये. पण सहा वर्षं दगडाची धूळ, त्यातली चार कृत्रिम क्वार्ट्झची, कोरडी ढास, चढताना धाप, उतरलेलं वजन, एवढं ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव सिलिकोसिसचं, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाचं येतं. ते खोटं ठरलं तर मला आनंदच आहे. मात्र ते तपासून खोटं ठरायला हवं, "इतक्या तरुण वयात कुठलं?" असं म्हणून नव्हे.

दगडात सिलिका असते, वाळूत असते तीच. संगमरवरात फार थोडी, ग्रॅनाइटमध्ये सहसा निम्म्याहून कमी. पण क्वार्ट्झची भुकटी रेझिन नावाच्या चिकट रसायनानं बांधून केलेल्या या कृत्रिम दगडात ती ९० टक्क्यांच्या वरही असू शकते. म्हणजे चार वर्षांपूर्वी दगड बदलला तेव्हा कामाचं नाव तेच राहिलं, ग्राइंडर तोच राहिला, शेड तीच राहिली, धूळ मात्र दुसरीच झाली. हे कुणी भावाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. दिरांना तरी माल विकणाऱ्यानं सांगितलं होतं का, कोण जाणे.

भुवयांवर, केसांवर, डब्यावर बसते ती धूळ त्रास देते, पण ती बहुतेक नाकाघशात अडकते आणि खाकरून बाहेर पडते. आत खोल जाते ती डोळ्यांना दिसतच नाही. समुद्रकाठच्या वाळूच्या कणाहून ती शंभर पटींनी बारीक असते आणि तासन्‌तास हवेत तरंगते. फुफ्फुसातल्या राखणदार पेशी असा कण गिळतात. जंतू त्या पचवतात, दगड त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळायला येते, तीही मरते. या झटापटीत तिथे व्रण होतात, व्रणांच्या गाठी होतात आणि मऊ, स्पंजासारखं फुफ्फुस जागोजागी चिवट होतं. एकच कण कित्येक पेशींना पुरून उरतो. म्हणून काम सुटल्यावरही हा रोग पुढे सरकू शकतो. झालेले व्रण पुसणारं औषध नाही. हे वाचायला जड जाईल, पण "गोळ्यांनी होईल बरा" या भरवशावर तो आणखी दोन वर्षं ग्राइंडरपाशी उभा राहिला, तर ते कितीतरी जड जाईल.

प्रमाण सांगते. अमेरिकेनं २०१६ साली कामाच्या जागेसाठी ठरवलेली मर्यादा आहे आठ तासांच्या सरासरीनं एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम सिलिका. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. एका पाळीत माणूस साधारण दहा घनमीटर हवा ओढतो. म्हणजे दिवसभराचा अर्धा मिलिग्रॅम. मिठाचे आठ-दहा दाणे घ्या, तेवढंच वजन. बंद शेडमध्ये सुक्या दगडावर कटर चालवणाऱ्याचा दिवसभराचा वाटा किती लवकर संपत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

धूळ बेताची असेल तर हा रोग दहा-वीस वर्षं घेतो. दाट धुळीत पाच ते दहा वर्षांत येतो, फारच दाट असेल तर त्याच्याही आधी. कृत्रिम दगड कापणाऱ्यांमध्ये इस्रायल, स्पेन, ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी तिशी-चाळिशीची माणसं या रोगानं आजारी पडली, काहींचं फुफ्फुस बदलायची वेळ आली. ऑस्ट्रेलियानं शेवटी १ जुलै २०२४ पासून या दगडाचं उत्पादन, विक्री आणि काम यांवर बंदीच घातली.

आता सिगारेट. भावानं ती सोडावी, आजच सोडावी, त्यात माझं दुमत नाही. धूळ आणि धूर एकत्र आले की फुफ्फुसाचे हाल दुपटीनं होतात आणि कर्करोगाची भीती दोन्हींनी वाढते. पण सिगारेटनं सिलिकोसिसच्या गाठी होत नाहीत. त्याला सिलिकाच लागते. न ओढणाऱ्यालाही त्या होतात.

दोष रोग्याच्या सवयीवर टाकायची रीत फार जुनी आहे. न्यू जर्सीमध्ये १९१७ पासून तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा चमकणारा रंग लावायच्या आणि ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. तसंच करायला त्यांना शिकवलेलं असायचं. त्यातल्या एकीचा जबडा सडला, १९२२ साली ती गेली, आणि मृत्यूचं कारण म्हणून सिफिलिस हा गुप्तरोग लिहिला गेला. पाच वर्षांनी तिचं शव उकरून तपासलं तेव्हा हाडांमध्ये रेडियम सापडलं. वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्टचा बोगदा १९३० पासून खोदला गेला तो जवळजवळ शुद्ध सिलिकेच्या खडकातून, तोही पाणी न मारता. शेकडो मजूर गेले, त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला 'टनेलायटिस' असं नाव पाडलं होतं. जसं काही बोगद्यात शिरल्यावर आपोआप जडणारा ताप! रोग माणसाच्या अंगाला चिकटवला की जागेकडे बघावं लागत नाही. तुमचे दीर हे जाणून करतात असं मी म्हणत नाही. बहुतेक त्यांना ते खरंच वाटत असेल.

"बाकीचे नाहीत का काम करत?" हे त्यांचं दुसरं वाक्य. ते ऐकायला बिनतोड वाटतं, पण जरा उलटून बघा. ज्याला दम लागायला लागतो तो काम सोडतो. सोडलेला हजेरीपटावर दिसत नाही. मग शेडमध्ये उरतात ते धडधाकटच असणार, अजून तरी. कुठल्याही धोक्याच्या कारखान्यात उरलेल्यांकडे बोट दाखवून जागा चांगली आहे असं सिद्ध करता येतं. म्हणून मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं ते त्या दोघांचं. ते का गेले? भावाकडे त्यांचे नंबर असतील. फोन करायला त्याला अवघड वाटत असेल तर तुम्ही करा, खुशाली विचारायला म्हणून करा. दम लागतो का, छातीचा फोटो काढला का, टीबीची औषधं चालू आहेत का, एवढंच विचारा.

असं आपसात विचारण्यातून मोठ्या गोष्टी बाहेर आल्या आहेत. १९७७ साली कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप इथल्या कीटकनाशकांच्या कारखान्यातले कामगार एकमेकांशी बोलत असताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूलच होत नाहीये. त्यांनी स्वतःच्या तपासणीचा आग्रह धरला तेव्हा डीबीसीपी नावाच्या रसायनानं अनेकांचे शुक्राणू कमी झालेत, काहींचे तर उरलेच नाहीत, असं निघालं. आधी कळलं ते कामगारांना. तज्ज्ञ नंतर आले.

डॉक्टरकडे जायच्या आधी एका संध्याकाळी भावाला घेऊन बसा आणि कागदावर त्याच्या कामाचा इतिहास लिहून काढा. पहिल्या नोकरीपासून. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, काय काम, कुठला दगड, सुकं कापणं की पाणी मारून, दिवसाचे किती तास, शेड बंद की उघडी, हवा ओढणारा पंखा होता का, चालू असायचा का, मास्क कुठला, कधीपासून. सुट्टीत बरं वाटतं का तेही लिहा. अर्थात सुट्टीत बरं वाटणं ही कामामुळे झालेल्या दम्याची खूण आहे, सिलिकोसिसमध्ये तसं होईलच असं नाही. दगडाच्या पाटीवरचं लेबल, ब्रँडचं नाव, सोबत सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालात काय आहे आणि धोका काय ते सांगणारा कागद, आली असेल तर ती, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. त्याचं कामावर असणं दाखवणारं जे असेल ते गोळा करा: पगार जमा झाल्याचे मेसेज, 'उद्या लवकर ये' असले निरोप, मशीनपाशी पांढराफटक उभा असलेला त्याचा एखादा फोटो. धुळीचे रोग उशिरा येतात. ॲस्बेस्टॉसचा कर्करोग तर वीस-तीस-चाळीस वर्षांनी येतो. तोवर कारखाना बंद झालेला असतो, मालक बदललेला असतो, पाट्या निघालेल्या असतात. तुमच्या भावाच्या बाबतीत इतका उशीर झालेला नाही. पण दोन वर्षांनी साक्षीला कोण उभा राहील सांगता येत नाही. कागद राहतो.

हा कागद घेऊन छातीच्या तज्ज्ञाकडे जा आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत तो त्यांच्या हातात द्या. "याला कामाच्या धुळीनं सिलिकोसिस झाला असेल का?" असं थेट विचारा. हा शब्द रोग्याच्या तोंडून येणं काही डॉक्टरांना रुचत नाही. न रुचू दे. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा सिलिकोसिस निसटू शकतो आणि दिसला तर टीबीसारखाही दिसू शकतो. म्हणून एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईनं केलेला सीटी स्कॅन, लागेल. फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, लागेल आणि तिच्याबरोबर फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते बघणारी दुसरी, डीएलसीओ. जुने एक्स-रे बरोबर न्या, एकही फेकू नका. जुन्या आणि नव्याची तुलना हेच अर्धं निदान असतं.

टीबीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. सिलिकेनं फुफ्फुसातल्या राखणदार पेशी दुबळ्या होतात, त्यामुळे या कामगारांना टीबी खरोखरच जास्त होतो. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि सात किलो वजन उतरणं मला हलक्यात घ्यावंसं वाटत नाही. थुंकीची तपासणी आधीच व्हायला हवी होती. ती आता करायला सांगा आणि गोळ्या पुढे न्यायच्या की थांबवायच्या ते तज्ज्ञांना ठरवू द्या. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल विचारा. बोटांचे सांधे सकाळी आखडतात का, सुजतात का हेही सांगा. सिलिकेचा संबंध संधिवाताशीही आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. निघताना एक गोष्ट मागून घ्या: केसपेपरवर त्याचं काम आणि ते किती वर्षं केलं हे लिहिलेलं असावं, आणि डॉक्टरांना शंका वाटत असेल तर तीही लेखी. पुढे नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर ही एक ओळ शंभर शपथांना भारी पडते.

राजीनामा? नको. निदान आत्ता तरी नको. धुळीपासून दूर होणं आणि नोकरी सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घाबरलेला माणूस त्या एक करून टाकतो. धुळीपासून त्यानं उद्याच दूर व्हावं, निदान तपासण्या होईपर्यंत. डॉक्टरांचा दाखला घेऊन रजा टाकावी किंवा मापं घेणं, हिशेब, गाडीवरचं काम असं काही मागावं. ओटा बसवायला जाणं चालणार नाही, कारण तिथेही भोकं पाडताना आणि कडा घासताना तीच धूळ, तीही कुणाच्या तरी बंद खोलीत. 'स्वखुशीनं काम सोडत आहे' अशा कागदावर सही करू नये, कोऱ्या कागदावर तर नाहीच. भरपाईच्या दाव्यांना जवळपास सगळीकडे मुदत असते आणि अनेक ठिकाणी ती रोग कळला त्या दिवसापासून मोजतात. तेव्हा निदान झालं की महिनाभरात कामगारांचे खटले चालवणाऱ्या वकिलाला किंवा कामगार संघटनेला भेटा. वर्षभर थांबून "बघू आधी बरं वाटतं का" असं करू नका.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ सालच्या १५५ व्या करारात असं कलम आहे की जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं वाटायला रास्त कारण असेल आणि कामगार तिथून बाजूला झाला, तर त्यासाठी त्याला शिक्षा होता कामा नये. २०२२ साली सुरक्षित आणि निरोगी कामाच्या जागेचा हक्क संघटनेनं कामगारांच्या मूलभूत हक्कांत घातला. हे सांगून मी तुम्हाला उगाच धीर देत नाही. जिनिव्हातल्या या संघटनेचा करार शेडच्या दारात येऊन उभा राहत नाही. पण भाऊ काही भीक मागत नाहीये, एवढं त्याला स्वतःला कळलं तर त्याची मान थोडी ताठ होईल. याच संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे २९ लाख ३० हजार माणसं कामामुळे मरतात. त्यातले अपघातात जातात ३ लाख ३० हजार. बाकीचे जवळपास २६ लाख रोगांनी जातात, म्हणजे कामावर नाही, घरी, बिछान्यात, आणि बहुधा सिगारेटला किंवा नशिबाला बोल लावत.

भावाला न सांगता दिरांशी बोलू नका. तो ३१ वर्षांचा आहे, छाती त्याची आहे आणि नोकरीही त्याची. तुमच्या तोंडून आधी कळलं तर दिरांना ते घरातलं गाऱ्हाणं वाटेल आणि भावाला तो दगा वाटेल. आधी तपासण्या, मग भावाशी बोलणं, मग त्याच्या संमतीनं आणि शक्य तर अजून एक-दोन कामगारांना बरोबर घेऊन दिरांकडे. चौघं मिळून बोलले की तो एकट्याचा आजार राहत नाही.

तिथे काय बोलायचं? मास्कवरून वाद घालू नका, त्यात तुम्ही हराल, कारण मास्क खरंच आणून ठेवलेत. धुळीशी लढताना मास्क शेवटी येतो. आधी प्रश्न हा की हाच दगड कापायला हवा का, कमी सिलिकेचा चालेल का. मग पाणी: पात्यावर सतत पाण्याची धार असलेला कटर, पाण्यावर चालणारं पॉलिश. मग धूळ जिथे उडते तिथेच ओढून घेणारा पाइप. भिंतीवरचा पंखा म्हणजे धूळ ओढणं नव्हे, तो ती शेडभर वाटतो. पाण्यानं केलं की चिखल होतो, तो वाळला की पुन्हा धूळच, म्हणून तो ओला असतानाच धुऊन काढायचा. झाडू बंद. कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे आणि मशीन झटकणं तर पहिल्या दिवशी बंद. त्या दोन मिनिटांत बारीक धूळ थेट तोंडावर येते. एवढं सगळं झाल्यावर जे उरेल त्यासाठी मास्क, तोही कापडी किंवा दवाखान्यातला निळा नव्हे. एन९५ किंवा त्याहून वरचा, चेहऱ्याला चारी बाजूंनी घट्ट बसणारा. दाढी असेल तर तो बसतच नाही. आठ तास ग्राइंडर चालवत असा मास्क लावून बघा म्हणावं दिरांना. कामगार तो खाली ओढतात ते बेफिकिरीनं नव्हे, श्वास घ्यायला.

भाऊ घरी येताना कामाचे कपडे घालून येत असेल तर ते आजपासून थांबवा. कारखान्यातच कपडे आणि बूट बदलावेत, हातपाय, तोंड, केस धुवावेत, कामाचे कपडे पिशवीत बांधून आणावेत, न झटकता वेगळे भिजवावेत. चार वर्षांची पोर बाबा आला की त्याच्या शर्टात तोंड खुपसत असेल. शिशाच्या आणि ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतून असं घरी आलेलं विष बायका-मुलांना बाधल्याची उदाहरणं आहेत. सिलिकेची एवढी भीती घरात नसते, पण आणायचीच कशाला?

"त्याला तिथं लावलं मीच," असं तुम्ही पत्राच्या शेवटाकडे एका ओळीत लिहिलंय. सहा वर्षांपूर्वी त्या शेडमध्ये ग्रॅनाइट कापत होते. त्याच्या जागी दुसरा दगड आला हे तुम्हाला कुणी कळवलं नव्हतं, त्यात काय असतं हे तर नाहीच. या ओझ्याचा भावाला काही उपयोग नाही. उलट ते दिसलं की तो तुमच्यापासून खोकला लपवायला लागेल. बहुतेक लागलाच असेल.

आणि दिरांकडे जाल तेव्हा एक विचारून बघा. ते स्वतः बसतात कुठे? बहुतेक छोट्या कारखान्यांत मालकाचं टेबल शेडच्याच कोपऱ्यात असतं, मध्ये फार तर काचेची एक भिंत. दगडाचं काम त्यांनी स्वतःच्या हातांनीच सुरू केलं असेल तर त्यांची वर्षं तुमच्या भावाहून जास्त भरतील. त्यांनाही छातीचा फोटो काढून घ्यायला सांगा. एकाच दिवशी वेळ मिळाली तर दोघं एकाच गाडीनं जातील.